पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै, इ.स. १९११ – २८ जानेवारी, इ.स. १९९७) हे भारतीय सांख्यिकीतज्ज्ञ होते. शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी नमुना पाहणीची पद्धत भारतात रुजविणारे आणि जगातील उपासमारीचे प्रमाण मोजण्याची रीत घालून देणारे शास्त्रज्ञ म्हणून ते ओळखले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या रोम येथील मुख्यालयात त्यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभापासून सुमारे दोन दशके सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. निवृत्तीनंतर पुण्यात राहून त्यांनी पोषण आणि दारिद्र्य यांच्या मोजमापाविषयी मांडलेली मते मात्र अद्याप वादाचा विषय आहेत.

जन्म आणि शिक्षण

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या बुध या गावी झाला. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेकडच्या खटाव-माणात ज्वारी-बाजरीचे पीक हाती लागेल की नाही याची दरवर्षी धास्ती असते. त्या काळी सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचे हिरवे मळे आणि माणदेशाची कोरडी माळराने एकाच जिल्ह्याच्या सरासरीत बसविली, तर तो आकडा दोन्हींपैकी कोणाचीच स्थिती सांगत नाही. सुखात्मे यांनी पुढे जागतिक पातळीवर जो मुद्दा मांडला, त्याचे बीज समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे आहे.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले. पुढील वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्याच वर्षी कार्ल पिअर्सन निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विभागाची दोन शकले झाली होती. एकाचे प्रमुख रोनाल्ड फिशर होते आणि दुसऱ्याचे पिअर्सन यांचे पुत्र इगॉन पिअर्सन. लवकरच पोलंडहून आलेले जर्झी नेमन हे इगॉन पिअर्सन यांच्या बाजूला येऊन मिळाले. फिशर आणि नेमन यांचे मतभेद सांख्यिकीच्या इतिहासात प्रसिद्धच आहेत. अशा ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा एक बाजू निवडावी लागते. सुखात्मे यांनी मात्र दोन्हींकडचे घेतले. नेमन यांच्या नमुना निवडीच्या सिद्धान्तावर त्यांनी १९३५ मध्ये महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला आणि फिशर यांच्या मताला धरून असलेल्या एका कसोटीचे तक्ते तयार करून ते १९३८ मध्ये प्रसिद्ध केले.

१९३५ च्या निबंधातील प्रश्न व्यवहारातला होता. समाजाचे किंवा शेतजमिनीचे निरनिराळे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून नमुना घ्यायचा असेल, तर कोणत्या स्तरातून किती घ्यावा, याचे उत्तर नेमन यांनी दिले होते. परंतु त्यासाठी प्रत्येक स्तरात किती चढउतार आहे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि नेमके तेच ठाऊक नसते. लहानशा प्राथमिक पाहणीवरून तो चढउतार अंदाजाने काढला तरीही बहुधा फायदाच होतो, असे सुखात्मे यांनी दाखविले. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. आणि १९३९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

मायदेशी परतल्यावर नोकरीच्या शोधात ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे मदनमोहन मालवीय यांना भेटले आणि या शिक्षणाचा देशातील गरीब जनतेला काय उपयोग, अशी विचारणा मालवीयांनी केली, असे त्यांच्याविषयीच्या लेखांतून सांगितले जाते. या प्रसंगाने त्यांच्या कामाची दिशा ठरली असेही म्हणतात. ती दिशा शेती आणि अन्न यांच्याकडे वळली हे खरे. कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत अल्पकाळ काम करून ते १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

आणेवारी आणि पीक कापणी

ब्रिटिश अमदानीत पिकाचा अंदाज नजरेने बांधला जाई. गावकामगाराने लागवडीखालील क्षेत्र नोंदवायचे, त्या भागातले सर्वसाधारण उत्पन्न कागदोपत्री ठरलेले असायचे, आणि यंदाचे पीक किती आणे आहे हे महसुली अधिकाऱ्याने पाहून सांगायचे. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे उत्पादन. यातील क्षेत्राचा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह असे. आण्यांचा आकडा मात्र पाहणाऱ्याच्या स्वभावावर, शेतसारा माफ करावा लागेल या भीतीवर आणि वरिष्ठांच्या अपेक्षेवर अवलंबून राही. सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याला आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, या शब्दाचे वजन निराळे सांगावे लागत नाही. पैसेवारी ५० च्या वर लागली की दुष्काळी सवलती दुरावतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात देशात धान्य नेमके किती आहे हे कोणालाच खात्रीने सांगता आले नाही आणि या पद्धतीतला दोष सर्वांच्या नजरेत भरला.

सुखात्मे यांनी मांडलेली पद्धत सोपी होती. क्षेत्राचा आकडा महसूल खात्याचाच घ्यायचा. उत्पन्नासाठी मात्र गावे, गावातील शेते आणि शेतातील जागा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने निवडायची, तेथे ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, वजन करायचे. त्यांनी पुरस्कारलेला तुकडा ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ८० वा भाग होता. महाराष्ट्रात पीक कापणी प्रयोगासाठी काही पिकांना आजही १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा आखतात. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच भरते. पीक विम्याची भरपाई याच प्रयोगांवर ठरत असल्याने दोरी, टेप आणि चार खुंट्या घेऊन शेतात उतरणारा कर्मचारी हे आता परिचित दृश्य झाले आहे.

या मापावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी जाहीर वाद झाला. महालनोबिस हे भारतीय सांख्यिकीचे अध्वर्यू. बंगालमधील तागाच्या आणि भाताच्या पाहण्यांत त्यांनी अगदी लहान तुकडे वापरले होते, कारण त्यामुळे थोड्या खर्चात पुष्कळ ठिकाणी कापणी करता येते. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात दाखवून दिले की, लहान तुकड्यांमुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण साधे आहे. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी आणि चूकही मोठी. वादाची दुसरी बाजू माणसांची होती. महालनोबिस यांचा भर स्वतंत्र, प्रशिक्षित अन्वेषकांवर होता. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, लाखो खेड्यांच्या देशात हे काम गावोगावी आधीपासून असलेल्या महसूल व कृषी खात्याच्या माणसांकडूनच करून घ्यावे लागेल. पीक कापणीच्या बाबतीत देशाने अखेर सुखात्मे यांचा मार्ग पत्करला. मात्र त्या कर्मचाऱ्यांवर इतर कामांचा बोजा किती पडतो आणि कापणी खरोखर ठरलेल्या शेतातच होते का, ही महालनोबिस यांच्या बाजूची शंका आजही निकालात निघालेली नाही.

परिषदेतील सांख्यिकी शाखेचा विस्तार त्यांच्या कारकिर्दीत झाला. तिचेच रूपांतर पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. डॉ. राजेंद्रप्रसाद हे तिचे पहिले अध्यक्ष होते.

अन्न व कृषी संघटना

अन्न व कृषी संघटनेची स्थापना ऑक्टोबर १९४५ मध्ये झाली आणि १९५१ मध्ये तिचे मुख्यालय वॉशिंग्टनहून रोमला हलले. त्याच सुमारास सुखात्मे संघटनेत दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते आणि पाठीशी देशव्यापी पाहण्यांचा दहा-अकरा वर्षांचा अनुभव होता. संघटनेला असाच माणूस हवा होता. तिच्या सांख्यिकी विभागाला स्वतः शेतात उतरून काही मोजता येत नाही. सदस्य राष्ट्रे जे आकडे पाठवतील त्यांवरच सारा डोलारा. कित्येक नवस्वतंत्र देशांकडे पाठवायला आकडेच नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांचे आकडे आणेवारीच्याच जातीचे होते. म्हणून कृषिगणना कशी करावी, नमुना कसा निवडावा, कर्मचारी कसे तयार करावेत हे शिकविणे हा त्या विभागाच्या कामाचा मोठा भाग होता. भारतातील पाहण्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेला त्यांचा नमुना पाहणीच्या सिद्धान्तावरील ग्रंथ १९५४ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथून प्रसिद्ध झाला. हा विषय शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी तो वापरला.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम उपासमारीच्या आकड्यासंबंधीचे आहे. संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये जगातील निदान दोनतृतीयांश माणसे जन्मभर अर्धपोटी राहतात असे लिहिले होते. हे विधान जगभर पसरले. त्यामागील आकडेमोड मात्र ढोबळ होती. १९४६ च्या पहिल्या जागतिक अन्न पाहणीत सुमारे ७० देशांचे अन्न ताळेबंद मांडले होते. देशातील उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात, बियाणे, जनावरांचा चारा आणि नासाडी वजा करायची आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे. ही सरासरी गरजेपेक्षा कमी आली की सबंध देश भुकेला आणि जास्त आली की सबंध देश पोटभर, असा हा हिशेब होता.

सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सरासरीच्या पलीकडे जाण्याची वाट दाखविली. देशाला पुरेसे अन्न असले तरी ते सर्वांच्या ताटात सारखे पडत नाही. घरोघरच्या आहार पाहण्यांवरून ही विषमता किती आहे ते काढावे, तिचे वितरण मांडावे, माणसाच्या किमान गरजेची रेषा ठरवावी आणि त्या रेषेखाली लोकसंख्येचा कितवा हिस्सा येतो ते मोजावे. या विषयावरील त्यांच्या लिखाणात महाराष्ट्रातील कुटुंबांच्या आहार पाहणीचाही आधार घेतलेला आहे. या मार्गाने त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की, जगातील १० ते १५ टक्के लोकांना पोटभर अन्न मिळत नाही आणि उपासमार व कुपोषण एकत्र धरले तर हा हिस्सा निम्म्यापर्यंत जातो. १९६३ च्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत हेच आकडे आले.

या आकड्यांची वेळ नाजूक होती. संघटनेचे तत्कालीन महासंचालक बिनय रंजन सेन, हेही भारतीयच, यांनी १९६० मध्ये भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली होती. मोहिमेला मोठे आकडे सोयीचे असतात. तिच्याच सांख्यिकी विभागाच्या प्रमुखाने दोनतृतीयांशांचा आकडा खाली आणावा, ही गोष्ट सोपी नव्हती. दुसरीकडे कॉलिन क्लार्क यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांना संघटनेचे अंदाज अजूनही अतिरंजित वाटत होते. सुखात्मे यांनी दोन्हींकडची टीका सोसली. त्यांची पद्धत मात्र टिकली. संघटना आज दरवर्षी जगातील भुकेल्यांची जी संख्या जाहीर करते आणि जी शाश्वत विकासाच्या दुसऱ्या उद्दिष्टाचा एक निर्देशांक आहे, तिच्यामागील गणिताचे मूळ १९६१ च्या या निबंधात आहे.

प्रथिनांचा प्रश्न

१९५० आणि १९६० च्या दशकांत गरीब देशांतील कुपोषणाचे मुख्य कारण प्रथिनांचा तुटवडा हेच मानले जाई. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन संकटाविषयी अहवाल काढला. माशांची भुकटी, खनिज तेलावर वाढविलेले सूक्ष्मजीव अशा उपायांवर जगभर पैसा खर्च होऊ लागला. ज्या संघटनेत सुखात्मे अधिकारी होते, तीही या प्रवाहात होती.

भारतातील आहार पाहण्या तपासून सुखात्मे वेगळ्याच निष्कर्षाला आले. ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात, ते जवळपास सारे एकूण अन्नातच कमी पडतात. भाकरी आणि डाळ हा आपला रोजचा आहार भुकेपुरता मिळाला, तर त्यातूनच प्रथिनांची गरज बहुतेक भागते. अन्नच अपुरे असेल तर वर दिलेली महागडी प्रथिने शरीर सरपणासारखी जाळून टाकते. म्हणजे प्रश्न दुधाच्या भुकटीचा नसून गरिबाला पुरेशी भाकरी परवडण्याचा आहे. १९७० च्या सुमारास त्यांनी हे ठामपणे मांडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सी. गोपालन यांचे संशोधनही याच दिशेचे होते. १९७३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे प्रमाण खाली आणले आणि पुढील काही वर्षांत प्रथिन संकटाची भाषा मागे पडली.

पुण्यातील काळ आणि वाद

रोमहून परतल्यावर सुखात्मे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत काम करू लागले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत तीव्र वाद येथे उभा राहिला.

पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज माणशी २२५० कॅलरी अन्न मिळण्याइतका खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब, हा त्यांचा निकष होता. त्यानुसार ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक गरीब ठरत होते. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, २२५० ही सरासरी गरज आहे. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो. एकाच वयाच्या, सारखेच काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांची भूक वेगळी असते. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाचे खाणेही दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून रेषा सरासरीवर न ओढता सरासरीतून प्रमाण विचलनाच्या दुप्पट वजा करून ओढावी. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गन यांच्यासह त्यांनी ही उपपत्ती मांडल्याने ती सुखात्मे-मार्गन उपपत्ती म्हणून ओळखली जाते. ही रेषा मान्य केली की भुकेल्यांचे प्रमाण बरेच खाली येते.

दांडेकर यांनी १९८० च्या दशकात या मांडणीवर कठोर टीका केली. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकातून दोघांची उत्तरे-प्रत्युत्तरे छापून आली. अर्थतज्ज्ञ टी. एन. श्रीनिवासन यांनी सुखात्मे यांची बाजू उचलून धरली. विरोधकांचा पहिला मुद्दा शास्त्रीय होता. शरीर स्वतःला जुळवून घेते याला आधार म्हणून वापरलेली निरीक्षणे थोड्या लोकांची आणि थोड्या दिवसांची होती, त्यांत ब्रिटिश सैन्यातील भरती झालेल्या तरुणांच्या नोंदी प्रमुख होत्या. अशा धडधाकट तरुणांवरून खेड्यातील मजुराविषयी अनुमान काढणे त्यांना मान्य नव्हते. दुसरा मुद्दा राजकीय होता. कमी खाऊन जगणाऱ्याचे शरीर जुळवून घेते असे एकदा म्हटले, की राज्यकर्त्यांना कागदावरचे दारिद्र्य कमी करण्याची आयती सोय होते. याच सुमारास डेव्हिड सेक्लर यांनी खुरटलेली मुले लहान असली तरी निरोगी असू शकतात असा विचार मांडला, तेव्हा प्रथिनांच्या बाबतीत सुखात्मे यांच्या जवळचे असलेले गोपालन या विचारसरणीचे प्रखर टीकाकार बनले.

सुखात्मे यांची बाजू केवळ आकडा कमी करण्यापुरती पाहणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही याकडे ते सातत्याने लक्ष वेधत होते. दूषित पाणी, उघड्यावरील शौच आणि आतड्यातील जंत यांमुळे मुलांना वारंवार जुलाब होत असतील, तर ताटात वाढलेले जास्तीचे अन्न वाया जाते. म्हणून पोषणाच्या योजनांत शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांना अन्नाइतकेच स्थान असावे असा त्यांचा आग्रह होता. एकविसाव्या शतकात शौचालये आणि मुलांची उंची यांच्या संबंधावर जे संशोधन झाले, त्यामुळे त्यांच्या विचारातील हा भाग पुन्हा चर्चेत आला. शरीराच्या जुळवून घेण्याविषयीची उपपत्ती मात्र पोषणशास्त्राने जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. अन्न व कृषी संघटनेने १९८५ च्या पाचव्या जागतिक अन्न पाहणीत शरीराच्या मूलभूत ऊर्जाखर्चाच्या १.२ पट आणि १.४ पट अशा दोन निरनिराळ्या रेषा धरून दोन निरनिराळे अंदाज दिले. दोहोंपैकी कोणता खरा मानावा हा निर्णय वाचकावर सोडला गेला, यावरूनच वाद किती अनिर्णित राहिला ते दिसते.

ग्रंथ आणि सन्मान

वि. गो. पानसे यांच्यासह लिहिलेले कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक हे त्यांचे सर्वाधिक वापरले गेलेले पुस्तक असावे. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी त्याला पानसे-सुखात्मे एवढ्याच नावाने ओळखतात. भारताच्या वाढत्या लोकसंख्येच्या अन्नाविषयीचे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. पोषणाच्या नव्या संकल्पनांवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. भारत सरकारने १९७१ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यांच्या निधनानंतर केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २००० पासून त्यांच्या नावाने ज्येष्ठ सांख्यिकीतज्ज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो दर दोन वर्षांनी दिला जातो.

सांख्यिकीच्या पुस्तकांत दोन नमुन्यांतील विखुरलेपणाची तुलना करणारी सुखात्मे कसोटी या नावाची एक कसोटी येते. ती पांडुरंग सुखात्मे यांची नसून बी. व्ही. सुखात्मे यांची आहे. नमुना पाहणीच्या ग्रंथाच्या १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीवर या दोघांचीही नावे असल्याने हा घोटाळा अनेकदा होतो.